चादर किती दिवसांनी धुवायची, हे दोरीवर ठरतं

चादर किती दिवसांनी बदलावी, याचं छापील उत्तर एका ओळीचं आहे: आठवड्यातून एकदा. उत्तर बरोबरच आहे. पण ते घरात लागू करायला गेलं की पुढचे प्रश्न सुरू होतात. कुठली चादर, गादीवरची की पांघरायची? वैशाखातली की श्रावणातली? नळाला रोज पाणी येतं तिथली, की चार दिवसांनी टँकर येतो तिथली? आणि धुतल्यावर वाळत कुठे घालायची?

माणसं आळसामुळे चादरी धूत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. डबलबेडची भिजलेली चादर बादलीतून उचलून, पिळून, झटकून दोरीवर सरळ पसरणं हे खांदे भरून आणणारं काम आहे. चादरीचं वजन आणि दोरीची लांबी या दोन गोष्टींवर घरातलं धुण्याचं वेळापत्रक बेततं. म्हणून ‘किती दिवसांनी’ याचं खरं उत्तर धुण्याच्या दिवशी मिळत नाही, चादर विकत घेतानाच ते बऱ्यापैकी ठरून गेलेलं असतं.

आधी वजन पाहू. ९० बाय १०० इंचांची साधी सुती चादर सुकी असताना पाऊण किलोच्या आत-बाहेर भरते. सुती कापड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी सहज धरून ठेवतं, त्यामुळे निथळत बाहेर काढलेली हीच चादर सव्वादोन किलोंची होते. जाड सोलापुरी चादर मुळातच दीड किलोच्या आसपास असते, ती भिजली की साडेचार किलो, आणि नीट पिळायला दोन माणसं लागतात. चार-पाच जुन्या लुगड्यांची गोधडी भिजल्यावर आठ-नऊ किलोंवर जाते. वाळण्याचा हिशेबही याच क्रमाने चढतो. मार्चच्या उन्हात पातळ चादर दोन-तीन तासांत कोरडी होते, सोलापुरीला अख्खा दिवस लागतो, गोधडीला दोन.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. अंगाला लागणारं कापड पातळ, हलकं, सुती आणि एकट्या माणसाला पिळता येईल असं असावं. जे जाड, जड आणि उबदार आहे ते त्याच्या पलीकडे असावं, अंगाला थेट लागू नये. पातळ थर वारंवार धुवायचा, म्हणजे जाड थराला क्वचित धुतलं तरी चालतं. रेल्वेचा वातानुकूलित डबा याच तत्त्वावर चालतो. तिथल्या संचात दोन पांढऱ्या चादरी असतात. एक बाकावर अंथरायची, दुसरी अंगावर घ्यायची आणि तिच्यावर ब्लँकेट. चादरी प्रत्येक वापरानंतर धुवायच्या असतात. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं आणि त्याच्या आत घ्यायला जादा चादर दिली जाते, असं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. पुष्कळ प्रवासी दोन्ही चादरी खाली अंथरतात आणि ब्लँकेट थेट गळ्यापर्यंत ओढतात. दुसरी चादर नेमकी कशासाठी आहे ते डब्यात कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

घरीसुद्धा हेच होतं. गादीवरची चादर दर रविवारी बदलली जाते आणि पांघरायची महिनोन्‌महिने तशीच राहते. वास्तविक घाम, तेल आणि त्वचेचा कोंडा दोन्ही चादरींना लागतो. पांघरायची चादर चेहऱ्याजवळ येते, तोंडावर घेतली जाते. खालची जेव्हा बदलाल तेव्हाच वरचीही बदलायला हवी.

आता खरेदीबद्दल थोडं, कारण इथे पैसेही वाया जातात आणि धुणंही अवघड होऊन बसतं. पातळ सुती चादरीला चौरस इंचात १४४ ते २१० धागे पुष्कळ झाले. चारशे-सहाशेचे आकडे दिसले की कापड जाड आणि जड असणार, पावसाळ्यात लवकर वाळणार नाही, हे धरून चालावं. ‘ग्लेस कॉटन’ या नावाने स्वस्तात विकली जाणारी चादर अनेकदा चक्क पॉलिएस्टर असते. ती झटकन वाळते हे खरं, पण घाम शोषत नाही, तेलाचा वास धरून ठेवते आणि काही महिन्यांत तिच्यावर गोळे येतात. खात्री करायची तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळून त्याची राख होते, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो.

मापाचंही पाहावं. ७२ बाय ७८ इंचांच्या, सहा इंच जाडीच्या गादीवर ९० इंच रुंदीची चादर घातली तर दोन्ही बाजूंची जाडी झाकून खाली खोचायला जेमतेम तीन-तीन इंच उरतात. पहिल्या धुण्यात सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, तेवढं कापडही जातं, आणि मग चादर रोज रात्री सुटते. अशा गादीला १०८ बाय १०८ हवी. नवी चादर वापरण्याआधी एकदा धुवावीच, कारखान्यातली खळ आणि कापडावरची रसायनं त्यात निघून जातात. पहिल्या पाण्यात मीठ टाकलं की रंग पक्का होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. कापड रंगवताना मीठ रंगाला धाग्यात शिरायला मदत करतं. रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही. पहिली दोन-तीन धुणी गार पाण्यात आणि वेगळी करावीत, एवढंच.

प्रत्येक पलंगाला तीन जोड लागतात. एक अंथरलेला, एक दोरीवर, एक कपाटात. दोनच जोड असले की चादर वाळेपर्यंत बदलता येत नाही आणि पावसाळ्यात सगळं गणित कोसळतं. एक महाग चादर घेण्यापेक्षा त्याच पैशात तीन साध्या घेतल्या तर घर जास्त स्वच्छ राहतं, हे मी ठामपणे म्हणेन.

चादरीवर नेमकं साठतं काय? स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून दिवसभरात पाऊण लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं, म्हणजे आठ तासांच्या झोपेत पाव लिटर. उकाड्यात घामाची भर वेगळी. पाणी उडून जातं, त्यातले क्षार आणि त्वचेतून पाझरणारं तेल मागे राहतं. हे तेल हवेत जुनं होत पिवळं पडतं. अभ्र्यावर मधोमध दिसणारा पिवळट डाग म्हणजे मुख्यतः हेच तेल. शिवाय त्वचेचा बारीक कोंडा. तो धूळकिड्यांचं अन्न आहे. हे किडे मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढे असतात, डोळ्यांना सहज दिसत नाहीत आणि चावत नाहीत. पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगातून शोषून घेतात. म्हणून हवेतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर ते मरतात, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात त्यांचं बरं चालतं. सकाळी उठल्या उठल्या सलग शिंका येणं, नाक वाहणं, दमा उचल खाणं यामागे बरेचदा त्यांची विष्ठा असते. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. त्रास देणारा हा पदार्थ पाण्यात विरघळतो, त्यामुळे साध्या गार पाण्यात धुतलं तरी तो बराचसा निघून जातो. किडे मात्र धाग्यांना धरून राहतात. ते मारायला ५५ ते ६० अंशांचं पाणी लागतं. दम्याचं माणूस घरात असेल तर दर आठवड्याला धुणं पाळावं आणि शक्य तेव्हा गरम पाणी वापरावं. एरवी गार पाणी आणि कडक ऊन पुरतं.

उशीचा अभ्रा हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. चेहऱ्याचं तेल, लाळ, केसांचा कोंडा, रात्री कपाळाला चोळलेला बाम आणि आपल्याकडे केसांना लावलेलं खोबरेल, हे सगळं एका हातभर कापडावर. अभ्रा तीन-चार दिवसांनी बदलावा. तो शंभर ग्रॅमचाही नसेल, आंघोळीच्या वेळी हातासरशी धुऊन होतो, खिडकीच्या गजावरही वाळतो. ज्यांना चादर आठवड्याला बदलणं खरंच जमत नाही त्यांनी निदान एवढं करावं. चेहऱ्यावर पुरळ येणाऱ्या तरुण मुला-मुलींना याचा फरक जाणवतो.

खोबरेलाचा अभ्रा धुवायची रीत वेगळी आहे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात पुण्या-नाशिकच्या गार पाण्यात असा अभ्रा कितीही घासला तरी तेल घट्ट होऊन धाग्यातच बसून राहतं. पावडर जाते, तेल राहतं, आणि वाळल्यावर खवट वास येतो. त्याऐवजी कोरड्याच अभ्र्यावर डागाच्या जागी भांडी घासायचं द्रव साबण चमचाभर चोळावं आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यावं. आधी पाणी लावलं तर साबण तेलापर्यंत पोचत नाही. मग गिझरच्या गरम पाण्यात नेहमीप्रमाणे धुवावं. वर्षानुवर्षं पिवळा पडलेला पांढरा अभ्रा असेल तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर, एका बादलीला दोन चमचे, पन्नास अंशांच्या पाण्यात तीन-चार तास. क्लोरीनचं ब्लीच अशा डागावर टाकू नये. घामाच्या डागावर ते पिवळेपणा वाढवू शकतं आणि धागा कुजवतं.

आता मोसमाकडे येतो, कारण आपल्याकडे आठवड्याचा नियम तिथेच वाकतो.

उन्हाळ्यात प्रश्न घामाचा, आणि त्यावर उपायही उन्हाचाच. सात दिवसांनी धुवावं, खूप घाम येत असेल तर चार-पाच दिवसांनी. थंडीत रात्री आंघोळ करून झोपणाऱ्याला दहा-बारा दिवस चालतात. अवघड आहे तो आषाढ-श्रावण. धुतलेली चादर दोन दिवस दमट राहते आणि तिला कुबट वास येतो. या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आहे. धुण्यातून वाचलेल्या तेल-घामावर तो जगतो, कापड सावकाश वाळताना वाढतो, आणि कापड पूर्ण कोरडं झाल्यावरही मरत नाही. म्हणूनच वाळल्यावर बरी वाटणारी चादर रात्री अंगाच्या घामाने जराशी ओलावली की पुन्हा वास मारू लागते. सुगंधी कंडिशनर टाकून हा वास जात नाही. उलट कंडिशनर धाग्यावर थर चढवतं, कापड पाणी कमी शोषतं आणि मळ धरून ठेवतं. चादरींना ते वापरूच नये. वास एकदा लागला असेल तर साठ अंशांचं पाणी किंवा ऑक्सिजन ब्लीच, हे दोनच खरे उपाय.

वास लागू नये म्हणून करायचं ते सगळं वेळेशी बांधलेलं आहे. कापड पाच-सहा तासांत वाळायला हवं. पावसाळ्यात एका दिवशी एकच चादर धुवावी, दोन नाही, कारण दोरीवर जागा थोडी असते. मशीन थांबल्याबरोबर चादर बाहेर काढावी, तासभर ड्रममध्ये पडू देऊ नये. पिळण्याची फेरी दोनदा चालवावी. फ्रंट लोड मशीनच्या १२०० ते १४०० फेऱ्यांत चादरीत स्वतःच्या निम्म्या वजनाएवढंच पाणी उरतं, हाताने पिळलेल्यात त्याच्या दुपटीहून जास्त. दोरीवर चादर चौपदरी टाकू नये. दोन समांतर दोऱ्यांवर, मध्ये वीतभर अंतर ठेवून, तंबूसारखी टाकली की आतून हवा खेळते. वर पंखा, खिडकी उघडी. दार-खिडक्या बंद करून पंखा लावला तर तीच दमट हवा फिरत राहते. शेवटी जी थोडी ओल राहते ती इस्त्रीने काढावी. कोकणात पडवीत, वळचणीखाली किंवा चुलीच्या वरच्या दांडीवर चादरी टाकायची रीत होती, त्यात धुराचा वास लागत असला तरी कापड कोरडं होत असे.

आणि मग पावसाळा सरतो. घट बसायच्या आधीचे पंधरा दिवस महाराष्ट्राच्या गावागावांत अंथरुणं धुण्याचे असतात. गोधड्या, वाकळा, चादरी, सतरंज्या, घोंगड्या, सगळं नदीवर, विहिरीवर, ओढ्याला निघतं. देवी बसायच्या आधी घर स्वच्छ व्हावं ही त्यामागची श्रद्धा. त्याच्याच पोटात मोसमाचं अचूक भान आहे. चार महिने ओल प्यालेलं अंथरूण, नद्यांना वाहतं पाणी आणि बऱ्याच दिवसांनी पडलेलं कडक ऊन या तीन गोष्टी वर्षातून याच वेळी एकत्र येतात. जड अंथरूण वर्षाला एकदाच धुवायचं तर याहून चांगला मुहूर्त नाही, आणि शहरातल्यांनीही तो सोडू नये.

गोधडी धुताना घाई नडते. रात्रभर भिजत घालू नये. वेगवेगळ्या लुगड्यांचे रंग एकमेकांत उतरतात आणि आतल्या जुन्या कापडाचा धागा सैल पडतो. तासभर गार पाण्यात, साबण आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून भिजवावी. आपटू नये, पायांनी तुडवावी, म्हणजे टाके तुटत नाहीत. पाणी दोनदा-तीनदा बदलून साबण पूर्ण काढावा, आत राहिलेला साबण ओल धरतो. पिळायची तर नाहीच. उतरत्या दगडावर किंवा गच्चीच्या कठड्यावर घडी घालून अर्धा तास निथळू द्यावी, मग दोन दोऱ्यांवर किंवा भिंतीवर पसरावी, दुपारी उलटावी. संध्याकाळी वरून कोरडी वाटली तरी आत घेऊन घडी करू नये, टाक्यांच्या रेषांवर हात फिरवून पाहावा. तिथे गारवा लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. या दिवसांत नदीवर अंथरुणं धुताना बायका आणि मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. आठ-नऊ किलोंची ओली गोधडी प्रवाहात पसरली की माणसाला ओढून नेते. गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये, गोधडीचं टोक मनगटाला गुंडाळू नये, आणि हातातून सुटली तर जाऊ द्यावी. शेतातल्या पंपाजवळचा हौद असेल तर नदीचा हट्ट धरूच नये.

पाणी नसलेल्या गावांसाठी आठवड्याचा नियम सांगणं मला जड जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. अशा दिवसांत प्यायला पाणी नसताना चादरी कोण धुणार? वरून कपडे टाकायचं पूर्ण स्वयंचलित मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी खर्च करतं, फ्रंट लोड पन्नास-साठ. हाताने एक चादर तीन बादल्यांत होते. टंचाईत थोडक्यात भागवायचं तर उशीवर आणि छातीपर्यंतच्या भागावर सुती पंचा अंथरावा आणि तेवढाच धुवावा. चादर दर दोन दिवसांनी झटकून कडक उन्हात तीन-चार तास दोन्ही बाजूंनी टाकावी. उन्हाने मळ जात नाही, पण ओल जाते, वास जातो, धूळकिडे कोरडे पडून मरतात. आठवड्याने चादर उलटी करावी, डोक्याकडची बाजू पायाकडे. शेवटच्या खळबळण्याचं पाणी फरशीला.

धुण्याच्या प्रत्यक्ष कृतीत बहुतेक बिघाड दोन कारणांनी होतात: जास्त भरणं आणि जास्त पावडर. साडेसहा-सात किलोच्या मशीनमध्ये वजनाने सात-आठ चादरी बसतात असं वाटतं, पण चादर पसरट असल्याने गुंडाळत जाते, आत कोरडा गोळा राहतो, एका बाजूला भार जाऊन मशीन थरथरतं. डबलबेडच्या दोन चादरी आणि त्यांचे अभ्रे, याहून जास्त नको. कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीच्या पोटात मोजे-रुमाल जाऊन बसतात, म्हणून ती वेगळी. चादर टाकताना पिळा न देता सैल घड्यांनी ड्रमच्या कडेने सोडावी, मधल्या खांबाला गुंडाळू नये. पावडर पूर्ण भरलेल्या मशीनला चाळीस-पन्नास ग्रॅम पुरते, दोन चादरींना तीस. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असं नाही. न निघालेली पावडर कापड ताठ करते आणि अंगाला खाज आणते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा राखी चोथा धाग्यात बसतो आणि पांढऱ्या चादरी काही महिन्यांत करड्या होतात. तिथे साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट आणि सोबत चमचाभर धुण्याचा सोडा. त्यावर नीळ टाकून करडेपणा झाकता येतो, काढता येत नाही.

डागांचं थोडक्यात. रक्त असेल तर गार पाणी, लगेच. गरम पाण्याने ते कायमचं बसतं. लहान मुलाची शू आधी नुसत्या गार पाण्यातून काढावी, साबण नंतर. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नये, धुऊन उन्हात टाकावा, दोन-तीन उन्हांत रंग उडून जातो.

आजारपणात मात्र आठवड्याचा नियम पार बाजूला ठेवावा लागतो. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवस जगतो. औषध लावायच्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या चादरी, अभ्रे आणि अंगावरचे कपडे ५० अंशांहून गरम पाण्यात किमान दहा मिनिटं धुवावेत, आणि औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं, नाहीतर खरूज घरातल्या घरात फिरत राहते. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावं. गजकर्णाचंही असंच. २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालेली गजकर्णाची बुरशी नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला अनेकदा दाद देत नाही. अशा घरात रुग्णाची चादर आणि पंचा वेगळा, गरम पाण्यात, आणि शिवणींवरून इस्त्री. ढेकणांना चादर धुऊन पुरत नाही. ते पलंगाच्या सांध्यांत आणि गादीच्या काठांच्या शिवणीत असतात.

मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल तर हिशेब सोपा आहे. दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग नळाचं, म्हणजे सत्तरच्या आसपास. चादर टाकल्यावर साठपर्यंत उतरतं. लोखंडी बादली, काठीने दाबायचं, वर झाकण, वीस मिनिटं. मुलं आसपास नकोत. रुग्णालयांच्या धुलाईसाठी ७१ अंश आणि २५ मिनिटं असं एक प्रमाण आहे, घरी त्याची गरज नसते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर रोज बदलावी, ओली झाली तर तेव्हाच्या तेव्हा. इथे मळापेक्षाही ओल आणि सुरकुती घातक. कमरेखाली चादरीची एक घडी रात्रभर राहिली तर तिथली त्वचा लाल होते आणि दाबाचे व्रण तिथूनच सुरू होतात. माणसाला न उठवता चादर बदलायची रीत प्रत्येक घरात एकाला तरी यायला हवी. रुग्णाला एका कुशीवर वळवावं, पलीकडे एकाने धरून उभं राहावं. मोकळ्या झालेल्या अर्ध्या भागातली जुनी चादर लांबीत गुंडाळून रुग्णाच्या पाठीला लावावी. नवी चादर अर्धी अंथरून खोचावी आणि उरलेली अर्धी तशीच लांबीत गुंडाळून जुनीच्या शेजारी ठेवावी. आता रुग्णाला त्या दोन्ही गुंडाळ्यांवरून सावकाश दुसऱ्या कुशीवर घ्यावं, जुनी ओढून काढावी, नवी पसरून ताणून खोचावी. ओढताना रुग्णाचं अंग चादरीवर घासू देऊ नये, उचलून सरकवावं. मेणकापड घालायचं तर त्याच्यावर आडवी सुती चादर हवीच. मेणकापड थेट अंगाला लागलं की घाम साचतो.

सकाळी उठल्याबरोबर पलंग आवरून टाकण्याची सवय चांगली समजली जाते. त्यात थोडा बदल करावा. पांघरूण उलटून, खिडकी उघडून, अर्धा-पाऊण तास अंथरूण उघडं ठेवावं आणि मग आवरावं. खाली अंथरून वळकटी करणाऱ्या घरांत हे जास्त गरजेचं, कारण अंगाची ऊब आणि ओल वळकटीत तशीच दिवसभर कोंडते. कापसाची गादी धुता येत नाही. तिला महिन्यातून एकदा ऊन द्यावं आणि गोळे झाले की पिंजून घ्यावी.

कपाटात ठेवताना चादर बोटांना कोमट नको, गारही नको. इस्त्रीनंतर तासभर मोकळी ठेवून मग घडी. डांबरगोळ्यांबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या नवजात बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाला पाहून कळत नाही. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवावा.

चादर कधी काढून टाकावी? ती उजेडासमोर धरावी. खांदे आणि कंबर टेकतात त्या मधल्या पट्ट्यातून जाळीसारखा उजेड दिसू लागला की पुढच्या दोन-चार धुण्यांत ती तिथेच फाटणार. फाटायच्या आधीच लांबीत मधोमध कापून, चांगल्या राहिलेल्या दोन्ही कडा मध्ये आणून सपाट शिवण घातली तर आणखी वर्षभर अंथरता येते. शिवण टोचत असेल तर ती चादर गादी आणि चांगली चादर यांच्यामध्ये घालावी. पन्नास-साठ धुण्यांनी मऊ झालेलं सुती कापड बाळाच्या दुपट्यांना नव्या कापडाहून चांगलं. त्यासाठी कडेचेच तुकडे घ्यावेत, आणि शिवायच्या आधी एकदा साठ अंशांच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावेत.